कुणाचा मॅनस?

डिंपना बॉयलला घाबरण्याचा पगार मिळतो, असं आम्ही म्हणायचो. डब्लिनमधला आमचा कार्यक्रम दर शुक्रवारी रात्री साडेदहाला टीव्हीवर लागतो. त्यात आठवडाभराच्या बातम्यांची आणि पुढाऱ्यांची आम्ही यथेच्छ धुलाई करतो. मी विनोद लिहितो. विनोदाच्या पोटातली माहिती खरी आहे की नाही, हे डिंपना बघायची. हातात लाल पेन्सिल आणि तोंडात एकच प्रश्न, "हे कुणी सांगितलं?"

वय एकसष्ट. गाव आयर्लंडच्या पार वरच्या टोकाला, डोनेगलच्या समुद्रकाठचं किलबार्न. घरून निघताना ती गॅस तीनदा बघायची आणि बसमधून शेजारणीला फोन करून चौथ्यांदा बघायला लावायची. बसमध्ये बसायची ती दाराजवळच. वेळ आलीच तर उतरायला बरं.

"अहो डिंपना, अर्थमंत्री गाढव आहेत हे तपासलंत का?" मी विचारायचो.

"ते तुझं मत झालं. मताला पुरावा लागत नाही. पण गाढव तपकिरी आहे म्हणालास, तर आधी मला गाढव आणून दाखव."

गेल्या वर्षी एका वाक्यापायी आम्ही कोर्टात गेलो होतो. ते वाक्य डिंपना रजेवर असताना गेलं होतं. तेव्हापासून आमची निर्माती ऑर्ला टॅन्सी येताजाता ऐकवायची, "आणखी एक चूक, की दुकान बंद." डिंपनाने पुन्हा रजा म्हणून घेतली नाही.

आणि त्या शुक्रवारी तिच्याच गावाचा विनोद आला. मीच लिहिला होता. किलबार्नचे नगरसेवक मॅनस स्वीनी यांनी तीन निवडणुकांत एकाच सार्वजनिक संडासाचं तीनदा उद्घाटन केलं होतं. संडासाला पाणी अजून आलं नव्हतं.

डिंपना चक्क हसली. "तो चौथ्यांदाही करेल बघ!"

तिने तिन्ही तारखा तपासल्या. पाणीखात्यात फोन करून नळ नसल्याचं वदवून घेतलं. फोटो एका स्थानिक वर्तमानपत्राच्या जुन्या अंकातून आला होता. हातात कात्री, पुढे फीत, खाली 'मॅनस स्वीनी, किलबार्न'. तिच्या कागदावर तो टपाल तिकिटाएवढा छापला होता. तिने नाव वाचलं आणि लाल खूण केली.

आता किलबार्नमध्ये नुसता मॅनस स्वीनी कुणी नसतोच. निम्मं गाव स्वीनी, त्यात मॅनस पाच. म्हणून तिथे माणसाला बापाच्या आणि आजोबाच्या नावासकट हाक मारतात. नगरसेवक म्हणजे मॅनस पॅडी कॉन. शाळेची बस चालवणारा तो मॅनस ह्यूई डॅन. त्या गावात जन्मलेली बाई 'कुणाचा मॅनस?' असं विचारल्याशिवाय पुढे जात नाही. पण पस्तीस वर्षं डब्लिनमध्ये काढली की नाव-आडनावावर भागायला लागतं.

संध्याकाळी चित्रीकरण झालं. सूत्रधाराने विनोद टाकला, मागच्या पडद्यावर फोटो भिंतीएवढा झाला आणि दोनशे माणसं खदखदून हसली. कात्री धरून उभा असलेला माणूस जरा ओशाळल्यासारखा दिसत होता, त्यामुळे हशा आणखी वाढला.

माझ्या शेजारी डिंपना बसली होती. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"काय झालं?"

"काही नाही."

पुढची वीस मिनिटं ती काही बोलली नाही. पेन्सिल घट्ट धरून बसून राहिली. मला वाटलं, बाईला गॅस आठवला.

मग उठली आणि ऑर्लापुढे जाऊन उभी राहिली. "तो फोटो चुकीचा आहे. तो मॅनस ह्यूई डॅन. तीस वर्षं पोरांची ने-आण केली म्हणून गावाने त्याच्या हातून मैदानाची फीत कापून घेतली होती. चर्चमध्ये एकदा त्याचं कौतुक झालं, तर लाजेने तीन रविवार फिरकला नाही."

ऑर्ला ओरडली नाही. तिने घड्याळ बघितलं. "साडेआठ. कार्यक्रमातून काढता येईल."

काढलाही. फोटोच्या जागी संडास लावला. आम्ही चहा ओतून घेतला. नऊच्या बातम्या संपल्या आणि भिंतीवरच्या टीव्हीवर आमची जाहिरात लागली. पंधरा सेकंद. त्यात मॅनस, कात्री आणि हशा. ती जाहिरात सव्वाआठलाच वाहिनीकडे गेली होती. त्या वीस मिनिटांत.

डिंपनाने तिथेच फोन लावला. घाईत तिच्याकडून स्पीकरचं बटण दाबलं गेलं, म्हणून आम्हालाही सगळं ऐकू आलं.

"मॅनस? मी डिंपना."

"तुमच्या जाहिरातीत दिसलो मी आत्ता." आवाज अगदी बारीक होता. "डिंपना, मी काय केलं गं?"

"तू काही नाही केलंस. चूक माझी आहे रे."

"मला वाटलं, काहीतरी केलं असेन आणि विसरलो असेन. दार वाजतंय मघापासून. दिवा मालवून बसलोय."

"पुढच्या शुक्रवारी आम्ही माफी मागू."

"नको! तुमच्या माफीलाही लोक हसतील." मग म्हणाला, "आणि सोमवारी बसमध्ये पोरं असतील."

फोन ठेवून तिने कोट घातला. "अहो थांबा, तुमच्या नोकरीचं काय ते उद्या बघू ना," ऑर्ला म्हणत होती, पण ती निघालीसुद्धा.

पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं. सोमवारी सकाळी ती किलबार्नला, मॅनसच्या बसमध्ये दाराजवळ बसली होती. पहिल्या थांब्यावर सात-आठ पोरं उभी. बस थांबली. मॅनसचा हात दाराच्या दांड्यावर होता, पण दार उघडत नव्हतं.

"उघड, मॅनस."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर आलेय. उघड."

दार उघडलं. पहिलंच पोरगं चढलं आणि त्याने मॅनसच्या नाकासमोर दोन बोटांची कात्री केली, कच् कच्. मागची पोरं फिसकन हसली. मॅनस समोरच्या काचेकडे बघत राहिला.

डिंपना उभी राहिली. तिने सीटचा दांडा धरला.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"टीव्हीवर दाखवलं."

"टीव्हीवर खरं-खोटं मी बघते. ते खोटं होतं आणि चूक माझी होती. घरी जाऊन सांग. आता तुझं नाव सांग."

"डॅनी स्वीनी."

"कुणाचा डॅनी?"

पोराने बोटं खाली केली. "डॅनी मॅनस पॅडी," तो पुटपुटला.

नगरसेवकाचाच मुलगा. खरा विनोद याच्याच बापावर होता. त्याच्या मागून बाकीची पोरं एकेक करून चढली.

"बस खाली, डॅनी," मॅनसच म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.