आन्सर कीवरची माझी सही

"सर, तुमीच शिकिवलं होतं की. मग माजं उत्तर चूक कसं?"

शिरूर अनंतपाळची ती मुलगी टेस्टचा पेपर घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी होती. मी लातूरच्या एका क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवायचो. तिथं दर टेस्टच्या मार्कांवर बॅच बदलायच्या. त्या एका प्रश्नापायी ती पहिल्या बॅचमधून दुसरीत जाणार होती. यादी पाच वाजता लागणार होती.

प्रश्न लसीका वाहिन्यांचा होता. पेशींभोवती साचलेलं पाणी रक्तात परत नेणाऱ्या या बारीक नळ्या. त्या स्वतः आकुंचन पावून पाणी पुढं ढकलतात, मग सैल पडून पुन्हा भरतात. त्यांना सैल करायला मदत करतो नायट्रिक ऑक्साइड, नळीच्या भिंतीतच तयार होणारा वायू. तो बेताचा असला तर लय टिकते. दाहामुळं फार वाढला तर नळी ढिलीच राहते, पाय सुजतो. निरोगी माणसात तो काय करतो, एवढंच विचारलं होतं. मुलीचं उत्तर होतं, लय राखतो. आन्सर की म्हणत होती, वहन थांबवतो.

ती आन्सर की क्लासच्या जुन्या, चुकीच्या नोट्सवरून उतरवलेली होती. खाली सही माझी, न वाचता ठोकलेली. मला लाज वाटली. पहिल्या बॅचच्या बऱ्याच पोरांनी त्याच नोट्स पाठ करून मार्क घेतले होते. ही उशिरा आलेली, तिच्याकडं नोट्स नव्हत्या. माझं लेक्चर ऐकलं म्हणून बुडाली.

संचालकांकडं गेलो. आन्सर की बदलली तर निम्मी बॅच खाली येईल, पालक अंगावर येतील, असं त्यांचं म्हणणं.

"एका पोरीपायी कशाला राडा करून राहिलात, सर? नोकरी जाईल."

"त्र्याण्णवच्या भूकंपात माझं अख्खं घर गेलं. नोकरीची काय भीती घालता?"

तडक वर्गात गेलो. फळ्यावर बरोबर उत्तर लिहिलं, खाली 'चूक माझी' लिहून सही केली. सगळ्या पोरांनी ते वहीत उतरवलं. आता जुनी की रेटणं कुणालाच शक्य नव्हतं.

यादी सातला लागली. मुलगी पहिल्या बॅचमध्येच राहिली. मला नांदेडच्या शाखेत धाडलं.

धडा एवढाच, की सही करण्याआधी वाचावं. नाहीच वाचलं, तर चूक चारचौघांत कबूल करावी. फार तर नांदेडला पाठवतात, काळ्या पाण्यावर नाही.