मावशींचा जुना फोन

सांगलीत विश्रामबागला एका लहानशा रेडिओ केंद्रावर मी दुपारी एक ते दोन फर्माइशीचा कार्यक्रम करते. अजूनही करते, कारण दुसरं काही येत नाही. लोक फोन करतात, दोन गोष्टी बोलतात आणि गाणं मागतात. ऐकणारे कोण, तर गॅरेजवाले, शिलाई करणाऱ्या बायका, गोठ्यात खांबाला मोबाइल अडकवून शेणघाण काढणारी माणसं. पहिल्या दिवशी वरिष्ठांनी मला एकच गोष्ट शिकवली होती. हजारो लोक ऐकतायत हे विसरायचं आणि एकाच माणसाशी बोलायचं. मला ते फार छान जमलं. इतकं जमलं की इस्लामपूरजवळच्या एका खेड्यातल्या बाईंना वाटलं, तो एक माणूस म्हणजे आपणच.

बाई पन्नाशीच्या. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, घरात मुलगा आणि सून, दारात दोन म्हशी. त्यांचा पहिला फोन मला नीट आठवतो.

"ताई, आमची म्हैस व्याली बगा. रेडी झालीया. तिच्यासाठी एक गाणं लावा की."

म्हशीसाठी गाणं मागणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. मी हसले, त्याही हसल्या, अगदी खळखळून. मग म्हणाल्या, "तुमचा आवाज ऐकला की माजं काम हलकं हुतंय." मी म्हणाले, "मावशी, रोज फोन करत जा."

त्या वयाच्या सगळ्याच बायकांना मी मावशी म्हणते. रोज फोन करत जा, हेही सगळ्यांनाच म्हणते. माझी जीभ सैल आहे आणि पगार मला तिचाच मिळतो.

मावशींनी ते मनावर घेतलं. रोज एकच्या ठोक्याला फोन. आठवड्याभरात खरवसाचा डबा घेऊन त्या केंद्राच्या गेटवर हजर झाल्या. मग दर गुरुवारी काहीतरी यायला लागलं. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी मक्याची कणसं. एकदा कार्यक्रमात मला दोनदा शिंक आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काढ्याची बाटली. सहकारी चिडवायचे, "मावशी आली गं तुझी." मलाही मजा वाटायची, खोटं कशाला सांगू. पुढं तक्रारी सुरू झाल्या. "काल त्या मिरजेच्या बाईसंगं लय येळ बोललासा." एखाद्या दिवशी फोन लागला नाही की रडत पाठवलेले व्हॉइस मेसेज यायचे, एकामागून एक, वीस-वीस.

एका दुपारी कार्यक्रम संपवून घरी गेले, तर मावशी माझ्या स्वयंपाकघरात. सासूबाईंबरोबर मेथी निवडत होत्या. शेजारी माझी चार वर्षांची लेक, चोपून तेल लावलेली, दोन वेण्या घातलेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मावशी येणार आहे म्हणून आधी सांगायचं नाही का?"

त्यांनी सासूबाईंना काही खोटं सांगितलं नव्हतं. मीच रोज सगळ्या जिल्ह्यादेखत त्यांना मावशी म्हणत होते. पत्ताही मीच दिला होता. घराखालच्या बेकरीतली खारी, समोरचा गुलमोहर, तिसऱ्या मजल्यावर चढताना लागणारी धाप, असलं काहीबाही बोलूनच तर माझा तास भरतो. त्यांनी तेवढ्यावरून घर शोधलं होतं.

मी घाबरले. लेकीला जवळ ओढलं ते इतक्या जोरात की ती रडायला लागली. मावशींना चहा पाजून बसमध्ये बसवून दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ऑपरेटरला सांगितलं, हा नंबर घ्यायचा नाही. महिनाभर त्या रोज एक वाजता फोन करत राहिल्या आणि आम्ही तो रोज वाजू दिला.

त्याच सुमारास माझे वडील औंधला घरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. मला चार दिवस माहेरी जायचं होतं. अशा वेळी आम्ही कार्यक्रम आधी रेकॉर्ड करून ठेवतो, पण श्रोत्यांना ते कळू द्यायचं नाही, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे. 'आत्ता बाहेर काय कडक ऊन पडलंय' असं चार दिवस आधीच म्हणून ठेवायचं, आणि मधे मधे साठवणीतले जुने फोन जोडायचे. मी घाईत होते. जुने फोन चाळताना मावशींचा तो पहिला फोन सापडला. स्वच्छ आवाज आणि ते खळखळून हसणं. त्यांचा नंबर मी बंद केला होता, पण फोन त्यांचाच सगळ्यांत चांगला होता. मी तो घेतला.

जुना आहे हे कुणाला ओळखू येऊ नये म्हणून त्यातली म्हैस कापली. रेडीही कापली. उरलं ते त्यांचं हसणं, 'तुमचा आवाज ऐकला की माजं काम हलकं हुतंय', आणि माझं 'मावशी, रोज फोन करत जा'. पुन्हा वाजवून पाहिलं तर सांधा कुठंच कळत नव्हता. मला माझं कौतुक वाटलं.

औंधला आमचं केंद्र ऐकू येत नाही. मी चार दिवस वडिलांना भाकरी कुस्करून भरवत होते आणि सांगलीत माझा आवाज लोकांशी गप्पा मारत होता.

परत आले त्या दिवशी मावशी गेटवर उभ्या होत्या. हातात डबा नव्हता.

"ताई, बुधवारी रेडिओवर मी बोलत हुते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पर त्या दिशी मी फोन केलाच न्हाई. मी तवा गोठ्यात हुते, हातात खराटा. आन माजाच आवाज आला. सून म्हणती, आत्या, तुमीच बोलताय की. पोरगं म्हणतंय, केला असशील आन इसरली असशील. तुमी सांगा. मी केलता का फोन?"

एक वाक्य पुरेसं होतं. तो जुना फोन होता मावशी, मी जोडला. शिरस्ता मोडला म्हणून मला कुणी फासावर दिलं नसतं. आणि खरं तर शिरस्त्याची मला फिकीरही नव्हती. मला फक्त त्या नको होत्या. वाटलं, हिला आता स्वतःचाच जरा धाक बसू दे, म्हणजे येणं बंद होईल.

मी म्हणाले, "केला होतात की, मावशी. विसरलात."

"व्हय?" त्या म्हणाल्या. त्यांनी हातातल्या मोबाइलकडे एकदा बघितलं. मग पदर सारखा करून बस स्टॉपच्या दिशेनं गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. फोनही थांबले. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं होतं, आणि ते सुख मी चार महिने भोगलं.

मग एक दिवस त्यांच्या सुनेचा फोन आला. तिला गाणं नको होतं. "आत्यांचं लय अवघड झालंय. धार काढली का न्हाई ते आमाला इचारत्यात, आन काढली म्हटलं तरी परत चरवी घिऊन जात्यात. मी जेवले का, म्हणून इचारत्यात. गोळ्या चालू हायत. तुमचं नाव काढत्यात, म्हणून म्हटलं, एकदा बोलला तर..."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गेले. मूळ फोन मोबाइलमध्ये घेतला होता, म्हशीसकट. मावशी ओसरीवर बसल्या होत्या, निम्म्यानं वाळलेल्या. दावणीला ती रेडी बांधलेली, चांगली थोराड झालेली. मी त्यांच्या पायाशी बसून फोन वाजवला. 'आमची म्हैस व्याली बगा' आलं, रेडी आली, हसणं आलं.

"मावशी, त्या बुधवारी तुम्ही फोन केला नव्हता," मी म्हणाले. "हा जुना होता. मी कापून जोडला. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमचं डोकं अगदी ठिकाणावर आहे." मी रडत होते आणि त्यांचे पाय सोडत नव्हते.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग दारात उभ्या असलेल्या सुनेला विचारलं, "ही खरंच आलीया का गं?"

"आल्यात की आत्या. ह्या काय, म्होरंच बसल्यात."

मावशींनी मान हलवली. "तवाबी तू असंच म्हणालीस," त्या सुनेला म्हणाल्या.