राबाची राखण

मलंगगडाच्या कुशीतल्या एका गावात आवडाबाई राहते. वय साठीच्या पुढचं, आवाज दोन शेतांपलीकडे पोचणारा, आणि आल्यागेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही हा हट्ट. दर रविवारी डोंबिवलीहून डोंगर चढायला येणारी मंडळी उतरताना तिच्या ओट्यावर टेकतात. तांदळाची भाकरी, सुकट आणि शिव्या, तिन्ही तिथे गरम मिळतात.

नवरा भिवा. तसा देवमाणूस, पण हळदीचं नाव काढलं की त्याला भान राहत नाही. आगरी घरातली हळद काय असते ते सांगायला नको. बँड थांबला तरी भिवाचे पाय थांबत नाहीत. गेल्या एप्रिलमध्ये पुतण्याची हळद झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याला जाग आली ती ऊन डोक्यावर आल्यावर. नेमका त्याच दिवशी राब भाजायचा होता. भाताचं बियाणं जिथे पेरायचं, त्या तुकड्यावर शेण आणि पालापाचोळा पसरून जाळायचा, ही इथली जुनी रीत. राब पहाटे, वारा पडलेला असतानाच लावायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भिवाने भर दुपारी काडी ओढली.

पुढचं काम वाऱ्याने केलं. गावाने ओल्या फांद्यांनी झोडपून वणवा घरांपासून रोखला, पण अर्धा डोंगर काळा झाला आणि शेजारच्या शालूचा गोठा पेंढ्यासकट गेला. गुरं तेवढी वाचली.

आग कुठून लागली, हे कुणी विचारलं नाही आणि भिवाने सांगितलं नाही. आवडाबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तीही गप्प बसली. चाळीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच गप्प बसली होती, यावरून काय ते समजा.

रविवारी डोंबिवलीकर आले ते टेम्पो घेऊनच. चारा, जुन्या साड्या, बिस्किटांचे पुडे आणि दोनशे रोपं. त्यांच्यातली रसिका शाळेत शिकवते. ती चुलीपाशी येऊन हात जोडून उभी राहिली.

"मावशी, आमच्यासारख्याच कुणीतरी सिगरेट टाकली असणार. ग्रुपवर सगळे तेच बोलतायत. मला खूप गिल्टी वाटतंय."

तव्यावरची भाकरी करपली. खरं सांगावं तर नवऱ्याची अब्रू जाणार, शालूशी जन्माचं वैर होणार आणि ही मंडळीही तोंड फिरवणार. न सांगावं तर या पोरीचे जोडलेले हात मरेपर्यंत डोळ्यांपुढून हलायचे नाहीत. आवडाबाईने भाकरी उतरवली, पदराला हात पुसले.

"हात सोड पोरी. आग तुमी नाय लावली. आमचाच राब व्हता. यो म्हातारा हलदीत नाचला न् दुपारी उठून राब लावला."

ओट्यावर बसलेल्या भिवाने मान खाली घातली. "चुकला माझा," तो म्हणाला.

शालू टेम्पोतून चारा उतरवत होती. तिने हातातली पेंडी खाली ठेवली.

"धूर कुठनं उठला ते आमाला दिसत नाय काय, काकी? सगल्यांना ठाव व्हता. राब कोनाच्या घरी नाय? आज तुमचा सुटला, उद्या आमचा सुटंल. पन तुमी कधी बोलताव, त्याची वाट बघत व्हते."

आवडाबाई तिथेच बसून रडली. पोटभर रडली आणि खूप बरं वाटलं तिला. मग तिची नजर रोपांवर गेली.

"एप्रिलात झाडा लावताव? पानी कोन घालंल?"

रसिकाला हसू आलं. "मग काय करू, ते तुम्हीच सांगा ना."

आवडाबाईला असं कुणी विचारायचाच अवकाश होता. "झाडा पावसाला आना. साड्या परत न्या, आमी उघडी नाय. चारा ठेवा न् शालूच्या गोठ्याला हात लावा. दिवालीनंतर कोयते घेऊन या, डोंगरावर गवताचा पट्टा कापून आग अडवाला वाट काढू. आनि जेवाचे डबे आनू नका, माझी चूल हाय."

फोटोपुरते आलेले गळाले. पंधरा-वीस जण टिकले. गोठा उभा राहिला, पावसात रोपं लागली, आणि थंडीत कोयता चालवून रसिकाच्या तळहातांना फोड आले तेव्हा आवडाबाईने तिला शिव्याही दिल्या आणि खोबरेल तेलही.

या एप्रिलमध्ये राबाची वेळ आली तशी भिवाने माघार घेतली. यंदा भाताचं रोप विकत आणू म्हणाला. आवडाबाईने ऐकलं नाही, डोंबिवलीला फोन केला. उजाडायच्या आत मंडळी हजर. पाण्याचे कॅन, भिजवलेली पोती घेऊन चारी बांधांवर उभी राहिली.

 भिवाने काडेपेटी शालूपुढे धरली. "तूच लाव. माझा हात नको."

शालूने काडेपेटी घेतली नाही. ओलं पोतं खांद्यावर टाकून ती डोंगराकडच्या बांधावर जाऊन उभी राहिली.

"लावा काका. या बाजूला मी हाय."

भिवाने काडी ओढली.