कोळंबीसारखी पाठ

कोरियातल्या आमच्या मोक्पोच्या इस्पितळात बाळंतिणीच्या पाठीत भुलीची नळी घालताना तिला धरून ठेवायचं काम मदतनीस ओक्रेताईचं. "कोळंबीसारखी वळ गं," म्हणत ती बाईला अशी छातीशी धरायची, की बाई हलायचीच नाही.

भूल देणारी डॉक्टर म्हणून माझं पहिलंच वर्ष होतं. एकदा माझी सुई जरा जास्तच आत गेली आणि मणक्यातलं पाणी टपटपू लागलं. दुसऱ्या दिवशी ती बाळंतीण उठून बसली की तिचं डोकं फुटायची वेळ यायची. मी त्या खोलीकडे फिरकेना. शेवटी ओक्रेताईने आमच्याकडे बाळंतिणीला देतात त्या समुद्री शेवाळाच्या सूपचा वाडगा माझ्या हातात कोंबला.

"डॉक्टरीणबाई, डोकं तुमच्यामुळे दुखतंय. तिला आडवं ठेवूनच भरवायचं, तेही तुम्हीच."

तीन दिवस भरवलं.

परवा, तीस वर्षांनी, ओक्रेताई गुडघ्याच्या ऑपरेशनला माझ्याच टेबलावर आली. न सांगताच कोळंबीसारखी वळली. मी सुई हाताखालच्या डॉक्टरला दिली आणि तिला छातीशी धरलं.

"पाणी आलं तर?" ती पुटपुटली.

"सूप मीच भरवीन."

"मग या वेळी रडू नका. तेव्हा खारट केलं होतंत."