माडगं मी शिजवलं होतं

बाईंनी माडगं दोनदा मागून घेतलं. तिसऱ्या वाटीचा घोट तोंडात असताना त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. आडनावापाशी नजर थांबली. बोटानं मला जवळ बोलावलं. माझ्या हातात थुंकायचं स्टीलचं भांडं होतं. त्यात त्यांनी तो घोट थुंकला.

मग मॅनेजरना विचारलं, “हे यांनी तर नाही ना बनवलं?”

“नहीं नहीं, मैडम. महाराज ने बनाया है.”

महाराज म्हणजे हॉटेलातले ब्राह्मण आचारी. मॅनेजर हसले. मी भांडं धरून उभा.

बनारसच्या कँटोन्मेंटमधलं ते हॉटेल. वाइन चाखताना जाणकार गिळत नाहीत, तोंडात घोळवून थुंकतात. म्हणून ते भांडं. त्या दुपारी गरिबाघरच्या जेवणासोबत वाइन असा कार्यक्रम होता. कचोरी, लिट्टी-चोखा आणि माझं हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळायचे, पाण्यात मीठ-लसूण घालून पातळ शिजवायचं. तापातून उठलेल्याला, कामावरून थकून आलेल्याला आई तेच द्यायची. नाशिकची लाल वाइन त्याच्याबरोबर जमते, हे मी शोधलं होतं. वाइनचा तुरटपणा माडग्यात मुरतो आणि लसूण मागून येतो. कितीदा तरी चाखून, वहीत लिहून ठरवलं होतं.

मी घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या शाळेतले सर, वसतिगृह, हे मॅनेजर, सगळ्यांचे उपकार मानत आलो. मॅनेजरच म्हणाले होते, “आज माडगे के बारे में तुम बोलोगे. पूरा नाम लगाओ.” एरवी पट्टीवर नुसतं पहिलं नाव असायचं. मी आईला फोन केला. ती म्हणाली, “साहेबलोकांम्होरं माडगं? हसतील की रं!”

“तुम्हारी बारी आने तक बर्तन घुमा दो,” असंही ते म्हणाले होते. मी तेही आनंदानं धरलं.

बाई रामघाटाकडच्या जुन्या मराठी घरातल्या. आधी किती गोड बोलल्या! “इथे मराठी बोलायला कुणी मिळतच नाही हो. माडगं एकदम बढिया झालंय.”

आता टेबलावरचे सगळे वाट्या खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. मॅनेजरनी डोळ्यांनी खुणावलं. आत जा.

आजोबा सांगायचे, एके काळी आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं असायचं. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. मला वाटलं होतं, ते संपलं. आणि मी पदवी घेऊन, इस्त्रीचा कोट घालून, दुसऱ्यांच्या थुंकीचं मडकं धरून उभा होतो. खुशीनं.

मी भांडं बाईंच्या पुढ्यात, पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवलं.

“माडगं मी शिजवलंय,” मी म्हणालो. मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत. “मैंने पकाया है. महाराज ने छुआ तक नहीं.”

“अरे देवा,” बाई म्हणाल्या. “आधी नाही का सांगायचं?”

“पट्टीवर लिहिलंय की, बाई.”

“माफी माँगो,” मॅनेजर कानाशी म्हणाले. मी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मला रेस्टॉरंटमधून काढून लाँड्रीत टाकलं. माडगं आणि लाल वाइन मेनूत राहिली, महाराजांच्या नावानं. नोकरी मी सोडलेली नाही. सोडली तर त्यांना सोपं जाईल. लाँड्रीत पट्टी कुणी वाचत नाही, तरी रोज पूर्ण नावाचीच लावतो. उपकार मानणं थांबवलंय. आणि थुंकायचं भांडं ज्याला लागतं, त्यानं ते स्वतः उचलावं.