उजवा कौल

इंदुरीच्या बयाबाईला देवाधर्माचं वेड कधीच नव्हतं. "देव देवळात बरा, मी वावरात बरी," असं ती सासूच्या तोंडावर म्हणायची आणि सासू कपाळाला हात लावायची.

जर्मनच्या पहिल्या लढाईत तिचा नवरा मारुती पलटणीबरोबर बसऱ्याला गेला, तो आलाच नाही. बरोबर गेलेला सोपान तेवढा आला. "नदीकाठाला आमची ताटातूट झाली. मेला का धरला गेला, मला ठावं न्हाई," एवढंच त्याने सांगितलं. भाऊबंद म्हणाले, आता कुंकू पुसावं, दिवस घालावेत. बया म्हणाली, "देवाला इच्यारते."

भैरोबाच्या मूर्तीला डाव्या-उजव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवून कौल लावायची आमच्याकडची रीत. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गेणू गुरवाने कळ्या लावल्या. उजवी पडली. म्हणजे मारुती जिवंत होता.

बाई बदलली ती तेव्हापासून. दर रविवारी कौल लावायची, आणि दर रविवारी उजवाच. देव आपल्याशी बोलतो म्हटल्यावर तो आणखी कुठे कुठे बोलतो, हे ती बघू लागली. कावळा वळचणीला ओरडला की मूठभर पीठ जास्त मळायची. भात लावताना पायाशी खेकडा आला तरी हात जोडायची. आम्ही पोरीबाळी खूप हसायचो. पण खरं सांगते, दळता-कांडताना इतकं चित्त देऊन जगणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. चूल पेटवतानासुद्धा पदर सावरायची, समोर कुणी वडीलधारं बसल्यासारखी.

अशी वर्षं गेली. सासू गेली, बयाचे केस पिकले, कपाळावरचं कुंकू मात्र तसंच. गाव टवाळी करायचं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

गेणू गुरव अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने तिला बोलावून घेतलं. मी त्याच्यासाठी पेज घेऊन गेले होते, म्हणून माझ्या कानांवर पडलं.

"बया, उजवी कळी मी सैल लावायचो. तुजं त्वांड बघवत नव्हतं, पोरी."

"पयल्यांदाबी?"

"व्हय. पयल्यांदाबी."

आता ही त्याला शिव्या देणार, असं मला वाटलं. द्यायलाच हव्या होत्या. मी असते तर सोडलं नसतं म्हाताऱ्याला. पण ती म्हणाली, "मला कदी कदी दिसत हुतं, आबा. वाटायचं, तुमचा हातबी देवच हालवतोय." त्याच्या अंगावरची घोंगडी तिने नीट केली आणि उठली.

घरी येऊन तिने आपल्या हाताने कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. त्या घरात तिच्याबरोबर रडायला कुणी उरलं नव्हतं. मी जवळ बसले. म्हटलं, "मावशी, सुटलीस आता त्या देवाच्या नादातनं."

"सुटले कुटं?" ती म्हणाली. "त्यो न्हाईच, आसं म्हनता आलं आस्तं तर सुटले आस्ते. पर त्यो हाय, गं. जेवताना म्होरं आस्तो, निजताना उशाला आस्तो. फकस्त त्येला माज्याशी कदीच काय बोलायचं न्हवतं."