घोडीच्या पलीकडचा हात

समजा, तुम्ही एका घोडीच्या डाव्या अंगाला उभे आहात. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, तळव्यांना कोमट तेल. उजव्या अंगाला आणखी एक माणूस आहे, पण तो तुम्हाला दिसत नाही. घोडीच्या पोटाखालून दिसतात ती फक्त त्याची पावलं. तुम्ही मानेच्या मुळाशी हात ठेवता, तोही त्याच्या बाजूनं तिथंच ठेवतो. मग दोघांचे हात एका चालीनं मागं सरकू लागतात. खांदा, पाठ, कंबर. तुम्ही म्हणता, "इथं गार." तो म्हणतो, "इथंबी गार." चालता चालता एकजण म्हणतो, "इथं ऊन लागतंय," आणि दुसरा म्हणतो, "माझ्याकडं गारच." दुखणं तिथं असतं.

कोल्हारच्या बाबाजाननं पोटाखालची अशी पावलं बावीस वर्षं पाहिली. टायरच्या चपला, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. बेलापूरच्या गहिनीनाथ तात्यांची पावलं ती. आता तात्या नाहीत, पण घोडीला हात लावायच्या आधी बाबाजान अजून खाली वाकून बघतो.

त्या टापूत घोडे चोळणारे दोघं-चौघंच. आधी टांग्यांची घोडी असायची. टांगे गेले तशा वरातीच्या घोड्या आणि जत्रेत बैलगाड्याच्या पुढं पळणाऱ्या घोड्या राहिल्या. या माणसांची एक रीत होती. मालकानं बोलावलं की पहिला प्रश्न विचारायचा, "आधी कुणाचा हात हुता?" ज्याचा असेल त्याला बोलावल्याशिवाय घोडीला शिवायचं नाही.

पस्तीस वर्षांपूर्वी बेलापूरच्या सहादेवची घोडी लंगडू लागली. तात्यांनी तीन दिवस चोळली, गुण येईना. चौथ्या दिवशी त्यांनी कोल्हारला निरोप धाडला, टांगेवाल्याच्या पोराला पाठवा म्हणून. बाबाजान तेव्हा पंचविशीचा. वडलांच्या घोड्यापलीकडं त्याला कुणी घोडं दाखवलेलं नव्हतं. तो सायकलवर आला तर अंगणात पंधरा-वीस माणसं.

"माझ्या हाताला काय गावंना," तात्या सगळ्यांदेखत म्हणाले. "तू बघ."

सहादेवनं कपाळाला आठ्या घातल्या. "तात्या, तुमाला गावंना ते ह्या पोराला गावंल व्हय?"

"गावलं तर त्याला पेढा दे, न्हाई गावलं तर मला दे. कुनाचं तरी तोंड गोड व्हईल!"

माणसं हसली. "तू डाव्या अंगाला जा," असं बाबाजानला सांगून तात्या स्वतः उजवीकडं गेले.

हात सरकू लागले. पुढच्या पायामागं, जिथं खोगिराचा तंग आवळतात, तिथं बाबाजानच्या बोटाला सुपारीएवढी गाठ लागली. गरम.

"तात्या, इथं ऊन हाय."

पोटाखाली तात्यांची पावलं हलली नाहीत. मग तात्या म्हणाले, "माझ्याकडं गार. तुझ्याच बाजूला हाय, बाबाजान. धर."

आठवडाभर दोघांनी मिळून ती गाठ उतरवली. त्या दिवसापासून लोक कोल्हारला निरोप धाडू लागले. तात्यांकडं कुणी आलंच, तर ते म्हणत, "बाबाजानला आना, मी पल्याड उभा ऱ्हातो." बावीस वर्षं ते असेच पल्याड उभे राहिले.

एक कोडं बाबाजानला कधी सुटलं नाही. तीन दिवस त्याच घोडीला चोळणाऱ्या तात्यांच्या हाताला ती गाठ लागली कशी नाही? पंचक्रोशीत त्यांच्यासारखी बोटं कुणाची नव्हती. आणि नेमकं डावं अंग त्यांनी त्यालाच का दिलं? विचारावं असं शंभरदा मनात आलं. पण विचारायचं म्हणजे एक तर तात्यांची बोटं चुकली म्हणायचं, नाही तर तात्या खोटं बोलले म्हणायचं. जीभ रेटली नाही.

गेल्या चैत्रात सहादेवच्या मुलाचा, सूर्यभानचा फोन आला. त्याची पाकोळी नावाची घोडी लंगडत होती.

"चाचा, तुमीच बघा. न्हाईतर येत्या मंगळवारी येवल्याच्या बाजारात काढतो तिला."

"आधी कुणाचा हात हुता?"

"ती नवी डॉक्टरीनबाई हाय ना, राजनंदिनी. घोड्याच्या मालिशचा कोर्स करून आल्यात. दोनदा आल्या, काय फरक न्हाई."

"त्यांना बोलव."

"कशाला? पुन्हा मशीन लावत्याल!"

"बोलव, न्हाईतर मी येत न्हाई."

राजनंदिनी स्कूटीवरून आली ती तोंड आवळूनच. तिला वाटलं, म्हातारा चुका काढायला बसलाय. बाबाजान म्हणाला, "बाई, तुमी कुठं कुठं दाबलं ते आधी सांगा. मी त्याच जागी दाबलं तर घोडीला तरास व्हईल." तिनं वही काढली आणि जागा दाखवल्या. सगळा पुढचा डावा पाय तिनं तपासला होता. बाबाजाननं तिला जोडीनं हात फिरवायची रीत सांगितली, डाव्या अंगाला उभं केलं आणि स्वतः उजवीकडं गेला. पोटाखालून पांढरे बूट दिसले.

"इथं गार," ती म्हणाली.

"इथंबी गार."

"इथं गार."

"इथंबी..." बाबाजान थांबला.

तीन वर्षांपासून त्याला साखरेचा आजार होता. बोटं बधिर झाली होती. चहाचा कप गरम की निवलेला, हे त्याला ओठाला लावल्यावर कळे. त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायको हमिदालाही नाही. आत्ता तो 'गार' म्हणत होता ते नुसत्या सवयीनं. त्यानं तसंच रेटलं असतं तर अंगणात कुणाला कळलं नसतं. पण पलीकडची पोरगी त्याच्या शब्दावर आपला हात ताडून बघत होती. तो शब्दच खोटा असेल तर पाकोळी मंगळवारी येवल्याला निघणार होती.

त्यानं दोन्ही हात काढून घेतले.

"थांबा बाई. माझी बोटं मेल्यात. मला गार-ऊन काय कळत न्हाई."

सूर्यभानचं तोंड उतरलं. "मंग आता वो, चाचा?"

"आता बाई दोन्ही बाजू बघत्याल. मी तोंडाशी उभा ऱ्हातो. डोळं हायत अजून."

राजनंदिनी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं हात फिरवू लागली. बाबाजान घोडीचे कान बघत राहिला. उजव्या कमरेवर हात आला तसा घोडीचा कान मागं पडला.

"तिथं. पुन्हा फिरवा." कान पुन्हा पडला. "तिथंच."

तिनं बोटं रोवली. "हो चाचा! इथं दगडासारखं कडक आहे. आणि मी पुढच्या पायातच शोधत बसले!"

"मागचं दुखनं ती पुढं वाहती. मीबी लई येळा फसलोय."

मंगळवारी पाकोळी येवल्याला गेली नाही. यंदाच्या जत्रेत ती पळणार नव्हती, पण लंगडणं कमी होत होतं आणि सूर्यभानला तेवढं पुरलं. निघताना राजनंदिनीनं बाबाजानला फाटकापाशी गाठलं.

"चाचा, खरं सांगा. तुम्हाला आधीच कळलं होतं ना? माझं नाव व्हावं म्हणून तुम्ही तसं म्हणालात."

"अल्लाकसम न्हाई, बाई. खरंच कळलं न्हाई."

ती हसली. तिचा काही विश्वास बसला नाही.

बाबाजान तिथून सरळ दोन गल्ल्या पलीकडं तात्यांच्या घरी गेला. रतनबाई, तात्यांची बायको, ओट्यावर शेंगा फोडत होती.

"वहिनी, सहादेवच्या घोडीची गाठ मला गावली, त्या दिवशी तात्या घरी येऊन काय म्हनलं हुतं?"

रतनबाईनं बराच विचार केला. "काय म्हनलं ते न्हाई ध्यानात. पर त्या दिवशी लई जेवलं. तीन दिस भाकरी गोड लागत नव्हती त्यास्नी, त्या दिवशी चार खाल्ल्या."

बाबाजान ओट्यावर बसून राहिला. गाठ सापडली म्हणून सुटल्यासारखं वाटून जेवले, की पोरगं उभं राहिलं म्हणून? त्यानं स्वतः सांगितलेलं खरं त्या पोरीला पटलं नव्हतं. मग तात्यांचंही खरंच असेल का?

रतनबाईनं मूठभर शेंगा त्याच्या तळव्यावर ठेवल्या. बोटांना त्या कळल्या नाहीत, नुसत्या दिसल्या.

तात्या, त्या दिवशी तुमच्या हाताला खरंच काही लागलं नव्हतं का?